कोलनचा दाखला

कागल,
ता. १४ सप्टेंबर २०२४

चि. मुस्कान हिला गुंडूआज्जाचा आशीर्वाद.

तुझं पत्र एप्रिलात आलं आणि उत्तर मी सप्टेंबरात लिहितोय. मला माफ कर पोरी. आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी महिनाभर लिहायचं-वाचायचं नाही म्हणून सांगितलं, मग तो महिना संपला तरी मी लिहिलं नाही, ही माझी चूक. आणि गेले तीन आठवडे मी इतका तापलोय की पेन टेकवलं की कागद फाटतो. हा चौथा कागद आहे.

फोन करा म्हणू नकोस. चाळीस वर्षं फाउंड्रीत काढल्यावर माणसाच्या कानाचं काय होतं ते तुझ्या दादाजींकडं बघून तुला ठाऊक आहे. आमच्या घरात फोन चार आहेत, पण माझ्याकडं कान एकही नाही. फोनवर बोलायचं तर कुणाला तरी शेजारी बसून ओरडावं लागतं, म्हणजे घरादाराला कळतं. हे घरादाराला कळवायचं नाही.

झालं ते सांगतो. आपल्या फाउंड्रीला पन्नास वर्षं झाली. आधी कोल्हापुरात उद्यमनगरात होती तीच, आता पंचतारांकित एमआयडीसीत आहे. गेल्या महिन्यात चोवीस तारखेला मोठा मांडव घातला होता. जर्मनीहून तीन पाहुणे आले होते. ज्या कंपनीचा माल मी आणि तुझे दादाजी दिलदार यांनी सत्तावीस वर्षं काढला, तीच कंपनी. पंपाची गोल झाकणं. प्रत्येक झाकणावर त्यांच्या गावाचं नाव उठून यायचं आणि नावातल्या एका अक्षराच्या डोक्यावर दोन ठिपके. वाळू जरा कोरडी पडली की साच्यात ते ठिपके मोडायचे. दिलदार साच्याची पेटी उचलायचा, मी वाकून विचारायचो, "दिलदार, कोलनचं डोळं आलं का?" तो म्हणायचा, "आलं की. बघतंय तुज्याकडं." दिवसाला साठ-सत्तर वेळा. बायकोचं नावसुद्धा मी इतक्या वेळा घेतलेलं नाही.

दिलदार गेल्यावर त्या वेळच्या साचे करणाऱ्या मोल्डरांत मी एकटाच उरलो. म्हणून मला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी पंधरा दिवस पाठ केलं होतं. उभा राहिलो. "आमी कोलनच्या मालात कधी खोट ठेवली न्हाय," एवढं म्हणालो आणि स्टेजवरचा एक शहाणा मधेच बोलला, तेही माईकवर, "कलोन म्हणा. कलोन." सगळा मांडव हसला. पाहुणेही हसले. मालकांनी माझ्या पाठीवर थोपटलं, मांडीवरच्या पोराला थोपटतात तसं. मी शाल खुर्चीवर टाकली, नारळ खाली ठेवला आणि स्टेजवरनं उतरून चालत घरी आलो. फेटा तेवढा डोक्यावर राहिला. तुझी बनाआज्जी दारातच म्हणाली, "कुणाच्या वरातीतनं पळून आलासा?"

आता काम. तू त्याच गावात राहतेस. तिथली जी काय नगरपालिका असेल तिथं जा आणि एक दाखला घे. साध्या कागदावर चालेल, पण सही पाहिजे आणि गोल शिक्का पाहिजे. या गावचे रहिवासी आपल्या गावाला असं असं म्हणतात, एवढंच लिहून घे. कलोन म्हणणाऱ्या इंग्रजांचं मत मला नको. गाव जर्मनांचं, माल आमचा, इंग्रज मधे आला कुठनं? उद्या कुणी बाहेरचा येऊन कागलला कागळ म्हणाला आणि वर आम्हालाच शिकवायला लागला, तर आम्ही ऐकून घेऊ का? तो दाखला मी फाउंड्रीच्या दाराला चिकटवणार आहे.

आणखी एक. आमचा नातू अमरसिंह याच फाउंड्रीत कामाला आहे. त्या कंपनीचं नवीन मशीन आलंय, ते शिकायला इथनं तीन माणसं सहा महिन्यांसाठी तुमच्या गावी जायची आहेत. त्यात त्याचं नाव आहे. व्हिसासाठी पुण्याला चौदा नोव्हेंबरला बोलावलंय. पण तो जाणार की नाही ते अजून ठरायचंय, आणि ठरवणारा मी आहे. का ते विचारू नकोस. आधी दाखला पाठव.

तुझा पत्ता तुझ्या आईच्या, मेहमुदाच्या, वहीवरनं चित्र काढल्यासारखा उतरवलाय. पोचला म्हणजे मिळवलं.

तुझा
गुंडूआज्जा


क्योल्न,
ता. ५ ऑक्टोबर २०२४

आदरणीय गुंडूआज्जा यांना सलाम.

तुमचं पत्र ड्यूटीवरून आल्यावर जिन्यातच वाचलं, बूटही काढले नव्हते. अक्षरं सरळ आहेत, म्हणजे डोळा बरा असणार. आणि वाचून मलाही राग आला. फेटा बांधलेल्या माणसाला भरल्या मांडवात असं मधेच तोडायचं? तो शहाणा कोण, मला नाव कळवा. पुढच्या वर्षी आले की त्याच्या दारात जाऊन चार शब्द ऐकवते. माझं तोंड तुम्हाला ठाऊक आहे.

दाखल्यासाठी मी गेले होते आज्जा. सुट्टीच्या दिवशी कार्यालयात गेले, नंबर घेतला, सव्वा तास बसले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कुणासाठी हवाय?" म्हटलं, आजोबांसाठी. "ते इथं राहत होते?" नाही. "जन्म इथला?" नाही. "मग या शहराशी त्यांचा संबंध काय?" म्हटलं, त्यांनी तुमच्या शहराचं नाव सत्तावीस वर्षं लोखंडात उठवलं. बाई हसल्या नाहीत. संगणकात शोधून बघितलं आणि म्हणाल्या, "असा फॉर्म नाही." आज्जा, इथं ज्याचा फॉर्म नाही ते होत नाही.

तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. इथले लोक म्हणतात क्योल्न. शिट्टी मारताना करतो तसे ओठ करायचे आणि ए म्हणायचा, तसा तो आवाज येतो. मला सहा महिने लागले. तुमचं कोलन त्याच्या बरंच जवळ आहे, कलोनपेक्षा नक्कीच जवळ. इथली जुनी म्हातारी माणसं तर तेही म्हणत नाहीत, ती क्योले म्हणतात. आणि इंग्रजी बोलताना कलोन म्हणायची रीत आहे. रागावू नका, पण इंग्रजी बोलताना मीही कलोनच म्हणते. नाहीतर समोरच्याला कळत नाही.

आमच्या वृद्धाश्रमात मला सगळे मुश्कान म्हणतात. एक आजी रोज विचारतात, "मुश्कान, तुमच्या कोलापूरला समुद्र आहे का?" मी रोज सांगते, समुद्र नाही, तळं आहे. कोल्हापूर म्हणा असं सुरुवातीला दोन-तीनदा सांगितलं, मग सोडून दिलं. राग येत नाही असं नाही. पण सकाळच्या पाळीत अकरा जणांच्या अंघोळी उरकायच्या असतात, त्यात तो राग कुठल्या वेळेला काढणार?

दाखला नाही, तर हे ट्रामचं तिकीट तरी पाठवते. त्यावर शहराचं नाव छापलंय. दोन ठिपकेही आहेत.

अमरसिंह येतोय हे वाचून मी स्वयंपाकघरात ओरडलेच. लहानपणी माझ्या वेण्या बाकाला बांधणारा अमरसिंह! आमच्या घरमालकीणबाईंना विचारलंय, खालची खोली डिसेंबरपासून मोकळी होतेय. पण तो जाणार की नाही ते ठरायचंय म्हणजे काय? आणि ते तुम्ही का ठरवणार? नीट लिहा. मला काळजी वाटायला लागलीय.

तुमची
मुस्कान


कागल,
ता. २४ ऑक्टोबर २०२४

चि. मुस्कान,

पत्र काल मिळालं. अठरा दिवस लागले. तिकीटही मिळालं. तिकिटाचं मी काय करू? आमच्या एसटीच्या तिकिटावर काय काय छापून येतं ते तू विसरलीस वाटतं. तिकीट म्हणजे काय कागद आहे का? सही नाही, शिक्का नाही. फॉर्म नाही म्हणे. आमच्याकडं साध्या ग्रामपंचायतीत म्हशीच्या वयाचा दाखला मिळतो आणि जर्मनीत एवढं होत नाही?

आणि तूसुद्धा कलोन म्हणतेस. मला तुझ्याकडनं ही अपेक्षा नव्हती. दिलदार असता तर त्यानं तुला विचारलं असतं, बेटा, माझे ठिपके कुठं घालवलेस?

तो शहाणा कोण ते विचारलंस. ऐक तर मग. अमरसिंह.

आता कळलं मी पहिल्या पत्रात नाव का लिहिलं नाही? लिहायला हात उठला नाही. पाहुण्यांना कळावं म्हणून मी मराठीत बोलायचं आणि त्यानं शेजारी उभं राहून इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं होतं. नातू आज्जाचं भाषण सांगणार म्हणून मालकांनाच कौतुक. सगळ्या भावकीला मी सांगून ठेवलं होतं. आणि त्यानं सांगायचं सोडून मलाच दुरुस्त केलं. परक्यानं केलं असतं तर मी त्याला तिथंच दोन शिव्या घातल्या असत्या आणि शाल घेऊन घरी आलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला ओट्यावर धरला.

"तुला लाज वाटली व्हय रे माजी?"

"तसं न्हाय आज्जा."

"मग कसं? सांग की."

तो खाली बघून चपलेचा पट्टा ओढत राहिला.

"तोंड हाय न्हवं तुला? माईकवर तर लई चाललं."

तर म्हणतो, "जाऊ द्या. तुमास्नी न्हाय कळायचं ते."

मला कळायचं नाही! सातवी शिकलेल्या माणसाला कळायचं नाही. मी डोक्यावर वाळूच्या पाट्या वाहिल्या म्हणून हा डिप्लोमा झाला, आणि आता मला कळायचं नाही. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. तो बाहेरच्या खोलीत जेवतो, मी आत जेवतो. बनाबाई दोन्हीकडं ताट नेते आणि ओरडते, "म्हातारा कोलन कोलन करतोय, नातू कलोन कलोन करतोय, आणि माजं गुडघं ह्या खोलीतनं त्या खोलीत चाललंत. दोगंबी जावा त्या गावाला, न्हायतर त्या नावालाच म्हसोबापुढं न्हेऊन कापा!"

तुला ठाऊक आहे, आमच्या घरातली सगळी कागदं माझ्या लोखंडी ट्रंकेत असतात. सातबारा, रेशनकार्ड, जन्माचे दाखले, सगळ्यांचे. किल्ली माझ्या करदोड्याला. अमरसिंहाचा पासपोर्टही आला तसा मीच आत ठेवला. तो मी देणार नाही. जोवर तो चुकलं म्हणत नाही तोवर नाही. आधी मी ठरवलं होतं, ज्या माईकवर बोलला त्याच माईकवर माफी मागायची. आता म्हणतो, घरात म्हणाला तरी चालेल. मी एवढा खाली आलोय, त्यानं एक पायरी चढावी की नको?

गेल्या रविवारी आला होता. चौकटीत उभा राहून म्हणाला, "चौदाला पुण्याला जायचं हाय. पासपोर्ट लागंल." मी म्हणालो, "लागंल की. आधी मला काय लागतंय ते दे." तर पाठ फिरवून गेला. नाक वर करून. हे नाक त्याला कुणी दिलं म्हणून बनाबाई माझ्याकडं बघते.

झोप लागत नाही. अन्न गोड लागत नाही. तारीख जवळ येतेय, पण मी वाकणार नाही. तू त्याला यातलं काही कळवू नकोस. आणि त्या बाईंना पुन्हा एकदा विचारून बघ. मोठ्या साहेबांना भेट. कागद हातात आला तर त्याच्यापुढं टाकून मला पासपोर्ट देता येईल. नुसत्या बोलण्यावर कसा देऊ?

गुंडूआज्जा


क्योल्न,
ता. ७ नोव्हेंबर २०२४

गुंडूआज्जा,

सलाम लिहीत नाही. इतका राग आलाय.

तुमचं पत्र आज आलं. चौदा तारखेला सात दिवस राहिले. हे पत्र तुम्हाला कधी मिळेल देव जाणे, म्हणून मी हे लिहून झालं की आईला फोनवर सगळं वाचून दाखवणार आहे. ती तुमच्याकडे येईल. तिचं ऐका.

मी अमरसिंहाला फोन केला. हो, केला. तुम्ही नको म्हणालात तरी केला. आधी तो "तू मधे पडू नकोस" एवढंच म्हणत होता. मी शिव्या घातल्या, तेव्हा बोलला. तो जे बोलला ते तुम्हाला या जन्मात सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

जुलैत फाउंड्रीत माणसं निवडायला मुलाखती झाल्या. पाच साहेब बसले होते. त्यांनी विचारलं, कुठं जायचंय ठाऊक आहे का? अमरसिंह छाती काढून म्हणाला, "कोलन." लहानपणापासून तुमच्या आणि दादाजींच्या तोंडून त्यानं तेच ऐकलं होतं. दुसरं काही असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. ते पाच जण हसले. एकजण म्हणाला, "आधी गावाचं नाव शिका, मग विमानात बसा." दाराबाहेर नंबराला बसलेली पोरं ऐकत होती. पुढं महिनाभर कारखान्यात त्याला सगळे 'कोलन' म्हणून हाक मारत होते. अजूनही दोघं-तिघं मारतात. तो न्हाणीघरात नळ सोडून एकटाच कलोन, कलोन म्हणत बसायचा. बनाआज्जींना वाटायचं पोरगं गाणं म्हणतंय.

हे त्यानं घरी सांगितलं नाही. का? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. ज्यांच्यामुळं हसं झालं त्यांच्याच कानावर ते जाऊ नये म्हणून.

आणि मग तुम्ही फेटा बांधून उभे राहिलात. तेच पाच साहेब पहिल्या रांगेत बसलेले. तुमच्या तोंडून तो शब्द निघाला आणि अमरसिंहाला ती मुलाखतीची खोली दिसली. तो तुमच्या कानाशी वाकून, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला. फक्त तुमच्यासाठी म्हणाला. पण पाहुण्यांना सांगायचं म्हणून त्याच्या कॉलरला माईक लावलेला होता, ते तो विसरला. तो म्हणतो, "मुस्कान, माझा आवाज भोंग्यातनं ऐकला तेव्हा मला मरावंसं वाटलं. मी आज्जाला हसण्यातनं काढायला गेलो आणि मीच त्याला हसण्यात ढकललं."

मी विचारलं, मग एवढं घरात सांगायला काय झालं तुला? म्हणाला, "आज्जा म्हणतोय चुकलं म्हण. माझं काय चुकलं ते कुणीच विचारत नाही."

आज्जा, तुम्ही त्याला विचारलंत, पण ओट्यावर, ओरडून, गल्ली ऐकत असताना. तिथं तो जुलैतली गोष्ट सांगणार होता का?

माझ्याकडे दाखला मागता. लिहिताना मेहमुदा लिहिता, पण सत्तावीस वर्षं हाक मारताना मामुदा म्हणता. माझ्या आईनं कधी तुमच्याकडून शिक्क्याचा कागद मागितला? तुम्ही म्हणता ते नाव प्रेमाचं आहे हे तिला कळतं. दादाजी आज असते तर त्यांनी तुमच्या कंबरेची किल्ली ओढून काढली असती, आणि तुम्ही काढू दिली असती. मी लांब आहे, म्हणून नुसतं लिहितेय. पासपोर्ट द्या. पत्राची वाट बघू नका. माफी नंतर कोण कुणाची मागायची ते मागा.

खोलीसाठी मी घरमालकीणबाईंना शब्द दिलाय.

मुस्कान


कागल,
ता. ७ डिसेंबर २०२४

चि. मुस्कान हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पंचवीस नोव्हेंबरला मिळालं. आज सात डिसेंबर. मधले दिवस लिहायचं म्हणून बसत होतो आणि उठत होतो.

तुझी आई नऊ तारखेलाच आली होती. ओट्यावर बसून माझ्या कानाशी ओरडून सगळं सांगत होती. मुलाखत, साहेब, माईक. मला निम्मं ऐकू आलं आणि ऐकू आलेलं खरं वाटलं नाही. वाटलं, पोरगं जायचं म्हणून दोघांनी मिळून रचलंय.

मी विचारलं, "पत्र कुठाय?"

"पत्र वाटंत हाय आबा. मुस्काननं फोनवर वाचून दाखवलं."

"मग येऊ दे की. पत्र आलं की बघू."

"तवर तारीख जाईल!"

"जाऊ दे. फोनवर काय, कुणीबी कायबी वाचतंय."

मेहमुदानं हातातली पिशवी आवरली. मग म्हणाली, "आबा, तुमच्या ट्रंकंत पोराचं सा म्हयनं न्हायत, सगळा जलम हाय." आणि उठली. बनाबाई चहा घेऊन आली तर म्हणाली, नको. दिलदारच्या घरचं माणूस माझ्या दारातनं चहा न घेता गेलं, असं पहिल्यांदा झालं. तरीही मला काही कळलं नाही. मी मनात म्हणत होतो, कागद येऊ दे. सगळी हयात मी अशीच काढली पोरी. तलाठी असो, बँक असो, साखर कारखाना असो, सातवी शिकलेल्या माणसाला तोंडी सांगून सगळ्यांनी फसवलं. म्हणून मी कागदावाचून कुणाचं ऐकत नाही. त्यात घरचं माणूसही सापडलं.

चौदा तारखेला सकाळी सहाला अमरसिंह इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चौकटीत उभा राहिला. पुण्याची बस सातला होती.

"आज्जा."

"काय?"

त्यानं हात पुढं केला.

मी म्हणालो, "शब्द?"

मला वाटलं आता म्हणेल. त्याचा ओठ हललासुद्धा. माझा हात करदोड्यावर होता, खरं सांगतो, किल्ली बोटात धरलेली होती. त्यानं नुसतं "आज्जा" असं दुसऱ्यांदा म्हटलं असतं तरी मी दिली असती. मग त्यानं हात खाली घेतला, शर्ट काढून खुंटीला अडकवला, कारखान्याचा निळा शर्ट घातला आणि पहिल्या पाळीला गेला. त्याच्या जागी सम्राट म्हणून पोरगं आहे मुरगूडकडचं, त्याचं नाव घातलं. चांगलं पोरगं आहे, त्याचा काही दोष नाही. पण परवा दारावरनं पेढे वाटत गेला तेव्हा मी आत जाऊन बसलो.

मला अमरसिंहाचाही राग येतो. कुलूप एवढं जुनं आहे, एका हातोड्यात तुटलं असतं. तोडायचं होतंस की रे! मी आरडाओरडा केला असता, चार दिवस जेवलो नसतो, पण तू तर गेला असतास. आज्जाचं सगळं ऐकायचं आणि नेमकं 'चुकलं म्हण' एवढंच ऐकायचं नाही, ही कुठली रीत? लिहिताना पुन्हा कागद फाटायला आलाय. राग त्याचा येतो, त्या पाच साहेबांचा येतो, पोस्टाचा येतो, आणि फिरून फिरून माझ्याकडंच येतो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. न्हाणीघराचं वाचून बनाबाईला विचारलं, "पोरगं जुलैत नळाखाली गाणं म्हणत हुतं का?" ती म्हणाली, "म्हणत हुतं की. एकच ओळ घोळत हुतं. तुमाला कुठनं कळलं?" मी न्हाणीघरात गेलो. घागर भरून ठेवली आणि बाहेर आलो.

त्याच संध्याकाळी पासपोर्ट काढला आणि बाहेरच्या खोलीत, तो जेवत होता तिथं, त्याच्यापुढं ठेवला. म्हणालो, "माजं चुकलं." म्हणालो मुस्कान, खरंच म्हणालो. हयातीत पहिल्यांदा असेल. मला वाटलं तो रडेल, नाहीतर भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, मी तयारीनं गेलो होतो. त्यानं मान हलवली, पासपोर्ट उचलून टीव्हीवर ठेवला, माझ्या कानाशी वाकला आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं ओरडला, "जेवा आज्जा, गार होतंय."

तेव्हापासून पासपोर्ट टीव्हीवरच आहे. बारा दिवस झाले. बनाबाई धूळ झाडते ती त्याच्या कडेकडेनं. तो आता आमच्यात बसून जेवतो, दवाखान्याला नेतो, माझ्या गोळ्या मोजून देतो, विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो. पण जर्मनीचं नाव काढलं की उठून म्हशीला पाणी दाखवायला जातो.

मी काल फाउंड्रीत गेलो होतो, चालत. मालकांना भेटलो. मार्चमध्ये आणखी दोघांना पाठवणार आहेत. मालक म्हणाले, "गुंडूकाका, अमरसिंहनं स्वतः अर्ज दिला तर पहिलं नाव त्याचं. पण त्यानंच द्यायला पायजे. तुमी दिलेला चालायचा न्हाय." एकतीस डिसेंबर शेवटची तारीख आहे. मी घरी येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." हे बघू मला चांगलं ठाऊक आहे. या घरात ते माझ्याकडनंच शिकतात.

माझ्या सांगण्यानं आता काही होणार नाही. तुझ्याशी तो बोलतो. तू त्याला शिव्या घाल, रड, भीती घाल, काही कर, पण त्याच्याकडनं अर्ज लिहून घे. मेहमुदाला फोन लाव म्हणायला माझं तोंड होत नाही, म्हणून हे कागदावर; तुला हे पत्र वीस तारखेनंतर मिळेल, म्हणजे हातात दहा दिवससुद्धा राहणार नाहीत. वाचून होईपर्यंत बसू नकोस. जिन्यातच असशील तर जिन्यातनं फोन लाव. आणि तो काय म्हणाला ते मेहमुदाच्या फोनवर सांग, ती माझ्या कानाशी ओरडेल, जसं असेल तसं सांग, वाईट असलं तरी सांग. मी रोज सकाळी तिच्या दारात जाऊन बसणार आहे. लवकर कळव पोरी, लवकर कळव.

तुझा
गुंडूआज्जा